पावसाळी चाके आणि कायमचा पिवळा दिवा

बेळगावात राहून भर पावसाळ्यात जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याकडे ये-जा करावी लागणाऱ्या माणसाने चाकांचे दोन संच बाळगणे ही चैन नव्हे. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, त्यात आपटून अलॉय व्हील तडकते आणि एकदा तडकले की भंगारात जाते. लोखंडी रिम मात्र वाकली तरी ठोकून सरळ करता येते. म्हणून मृगाच्या आधी अलॉय उतरवायचे, लोखंडी रिमांवरचे खोल ग्रिपचे टायर चढवायचे आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा उलट करायचे, इतका साधा हा हिशेब आहे. थंड देशांतले लोकही हेच करतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आमच्याकडे मात्र याच कामासाठी गाडी दुकानात नेली की, टायरमधल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर ही वस्तू पृथ्वीतलावर आजच अवतरली आहे, अशा चेहऱ्याने माणसे उभी राहतात.

वास्तविक यात गूढ असे काहीही नाही. सेन्सर व्हॉल्व्हला जोडून रिमच्या आत बसवलेला असतो, प्रत्येकाचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीच्या संगणकाला तेच चार क्रमांक ओळखीचे असतात. अलॉय उतरवले की सेन्सरही त्यांच्याबरोबर घरातल्या कोपऱ्यात जाऊन पडतात, गाडी त्यांना हाका मारत राहते आणि डॅशबोर्डावरचा उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकून पुढे कायमचा पेटून राहतो. दुसऱ्या संचालाही सेन्सर बसवून त्यांचे क्रमांक गाडीला शिकवणे, किंवा जुनेच क्रमांक उतरवून घेता येतील असे सेन्सर आणणे, एवढाच यावर उपाय आहे. तो सांगायला कोणी तयार नाही. एका दुकानात रिसेटचे बटण शोधण्यात अर्धी दुपार गेली. ज्या गाड्यांमध्ये सेन्सरच नसतात आणि ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या आधाराने चाकांच्या फिरण्यावरून दाबाचा अंदाज बांधला जातो, त्या गाड्यांना ते बटण असते. माझ्या गाडीला नाही, हे मी सांगत होतो आणि ते ऐकले जात नव्हते. शेवटी त्या पोरांनी आपसांत कन्नडमध्ये काहीतरी ठरवले आणि मला मराठीत निकाल दिला, “काय होत नाही ओ साहेब, दिव्यावर काळी पट्टी चिकटवून सोडा.”

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पट्टीचा सल्ला मिळत नाही, तिथे बिल मिळते. नवे सेन्सर मागवावे लागतील, ते शिकवायचे यंत्र सध्या दुसऱ्या शाखेत आहे, तोवर गाडी चालवून पाहा, दिवा आपोआप जाईल, असे सांगून ‘तपासणी’ या एका शब्दाखाली पैसे घेतले गेले. आपोआप कसा जाईल? ज्या चाकांत सेन्सरच नाही, ती चाके बेंगळुरूपर्यंत पळवली तरी कोणता संदेश पाठवणार आहेत? वैतागून ऑनलाइन सेन्सर मागवले, तर ‘सर्व गाड्यांना चालते’ असे छापलेल्या खोक्यातून निघाले ३१५ मेगाहर्ट्‌झचे. सेन्सर ज्या रेडिओलहरीवर गाडीशी बोलतो तिचा हा आकडा, आणि ३१५ ही प्रामुख्याने अमेरिकेतल्या गाड्यांची लहर. आपल्याकडे आणि युरोपात ४३३ चालते. विक्रेत्याचे उत्तर असे की, खोके फोडल्यामुळे आता माल परत घेता येणार नाही. एका परिचितांनी तर चारही जुने सेन्सर प्लॅस्टिकच्या नळीत घालून, नळीत हवा भरून, ती डिकीत ठेवण्याचा सल्ला दिला. म्हणजे गाडीला नळीतली हवा टायरची वाटेल, दिवा विझेल आणि खरा टायर बसला तरी आपण निश्चिंत राहू. धन्य आहे!

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड आली ती हाताळणीची. माझ्या सेन्सरचा व्हॉल्व्ह रबरी नाही, अ‍ॅल्युमिनियमचा आहे, आणि त्याला आतून हवा अडवणारा पिन निकेलचा मुलामा दिलेलाच घालावा लागतो. कोणीतरी मागे नेहमीचा स्वस्त पितळी पिन घालून ठेवला होता. दोन धातू आणि आमचा पाऊस एकत्र आल्यावर जे व्हायचे तेच झाले: पिनभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी साचली आणि पिन आतच चिकटून बसला. पोराने पक्कड लावली, मी “थांब” म्हणेपर्यंत पिळली, आणि व्हॉल्व्हची मान त्याच्या हातात आली. सेन्सर शाबूत, पण बिनकामाचा. दुसऱ्या चाकाचा टायर काढताना व्हॉल्व्हची जागा न पाहताच यंत्राचा फावडा दाबला गेला आणि सेन्सरचे काळे प्लॅस्टिक चिरले. व्हॉल्व्हचे रबरी सील, नट आणि पिन हे टायर बदलताना नवे घालायचे असतात, नट ठरावीक जोरानेच आवळायचा असतो; पण टॉर्क रेंच मागितल्यावर मालकांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दुकानाच्या सातबाऱ्याचा उतारा मागितला आहे. नुकसानभरपाईचा विषय काढताच “ते पहिल्यापासूनच खराब होतं ओ” हे ठरलेले वाक्य आलेच.

आणि हे नसते लाड आहेत असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हा दाबमापक आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा आहे. स्टेपनी या दिव्याच्या भरवशावर काढून घेता आणि तोच दिवा पट्टी लावून झाकायला सांगता? दिवा कायमचाच पेटलेला असेल, तर घाटात धुक्यात खरोखरच खिळा लागून हवा उतरू लागल्यावर गाडीने मला कशाने सांगायचे? डिसेंबरच्या थंड सकाळी दुपारच्या मानाने दाब दोन-तीन पीएसआय सहज कमी भरतो आणि दिवा उगाच भिववतो, हेही खरे. पण ते समजून घ्यायला आधी दिवा शुद्धीवर असायला हवा. ज्यांच्याकडे सेन्सर शिकवायचे यंत्र नाही, त्यांनी तसे दारावरच्या पाटीवर मराठी, कन्नड, इंग्रजी, हव्या त्या भाषेत लिहून ठेवावे आणि चाकांना हात लावण्याआधी सांगावे. मी गाडी सरळ कोल्हापूरला नेईन, पेट्रोल माझे जळेल, निदान व्हॉल्व्हची मान तरी शाबूत राहील.