नामका चूला रायफल हरली नाही

दरवर्षी २० ऑक्टोबर, म्हणजे १९६२ च्या चिनी हल्ल्याचा दिवस, जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: त्या युद्धात जवानांच्या हातात जुनाट .३०३ रायफली होत्या, देशात गरम कपडेच नव्हते, वरून दिल्लीचा हुकूम. सेनापती तरी काय करणार? जवानांबद्दलची कळकळ खरी आहे, पण तिच्या आडून वरच्यांची सुटका होते. ती मला पटत नाही.

आधी रायफल. ती जुनी होती, दर गोळीला बोल्ट ओढावा लागे आणि चिन्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या, हे मान्य. पण नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) नामका चू नदीच्या काठावर आपल्या ७ ब्रिगेडच्या जवानाजवळ जेमतेम ५० गोळ्या होत्या. सरावलेला शिपाई .३०३ मधून मिनिटाला पंधरा नेमके बार काढतो. म्हणजे साडेतीन मिनिटांत पट्टा रिकामा! हातात नवी रायफल असती तर तो आणखी लवकर रिकामा झाला असता. अंगावर सुती गणवेश, रात्रीला एक ब्लँकेट. २० ऑक्टोबरच्या सकाळी या ब्रिगेडमधल्या एकट्या २ राजपूत बटालियनचे २८२ जण मारले गेले. लडाखमध्ये रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांची कंपनी याच रायफली घेऊन शेवटपर्यंत लढली.

देशात सामानच नव्हतं? ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण ज्यांच्याबद्दल अभिमानाने म्हणतो, त्या यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत पराभवाच्या लष्करी चौकशीचे निष्कर्ष मांडले. तुटवडा होता, हे त्यांनी लपवलं नाही. पण बऱ्याच ठिकाणी खरी अडचण वेगळी होती: सामान मैदानी भागाच्या टोकापर्यंत यायचं, पुढच्या तुकड्यांपर्यंत वेळेत पोचायचं नाही. नामका चूच्या वरच्या अंगाला त्सांगधरवर विमानातून टाकलेला कितीतरी माल दऱ्यांत गडप झाला. जिथे शिधा आणि दारूगोळा पोचवता येत नाही, तिथे ब्रिगेड नेऊन उभी कोणी केली?

राहिला दिल्लीचा हुकूम. नेहरू आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन यांची चूक मोठीच होती, ती मी कमी करत नाही. पण सेनापतींना तोंड नव्हतं, हे खोटं आहे. तोवर नेफाची जबाबदारी असलेल्या ३३ कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी आधी साठा, मग चढाई, असा आग्रह धरला. ४ ऑक्टोबरला ती जबाबदारी त्यांच्याकडून काढून नव्या ४ कोअरचे प्रमुख बी. एम. कौल यांना दिली. १० ऑक्टोबरला नदीपलीकडे त्सेंग जोंगला ९ पंजाब बटालियनच्या छोट्या तुकडीवर चिनी मोठ्या संख्येने तुटून पडले, ते कौल यांनी स्वतः पाहिलं. तरी ब्रिगेड नदीकाठीच राहिली. पुढे कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि तिथूनच सूत्रं हलवत राहिले. ७ ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी जवानांसोबत राहिले आणि चिन्यांच्या कैदेत गेले.

चव्हाणांनी त्याच निवेदनात हेही सांगितलं की कनिष्ठ अधिकाऱ्यांचा दर्जा एकंदरीत ठीक होता. उणिवा वरच्या पातळीवर अधिक दिसल्या. ज्या चौकशीच्या, म्हणजे हेंडरसन ब्रुक्स–भगत, अहवालावर ते बोलत होते, तो सरकारने अजून खुला केलेला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तो मजकूर तुमच्याकडे आला, तर पुढे पाठवण्याआधी त्यात उमराव सिंग हे नाव तरी घाला.