दर आठ दिवसांनी तीन औषधं? मामा, तो मेसेज आधी डिलीट करा

पोळा होऊन तीन दिवस झाले होते आणि मामांचा फोन आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात त्यांचं सात एकर वावर, त्यातल्या पाच एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस. "बाई, तू कीटकशास्त्र शिकली ना? एक मेसेज टाकला तुला, पाहून घे. उद्या गडी येऊन राहिला फवाऱ्याले."

मेसेज उघडला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण होतीच. 'बोंडअळीपासून 100 टक्के मुक्ती, एका कृषितज्ज्ञाचा अनुभव.' तज्ज्ञाचं नाव कुठेच नाही. खाली पाच मुद्दे. एक, गुलाबी बोंडअळी ही बियाणे कंपन्यांनी बीटीसोबत (अळी मारणारं जनुक घातलेल्या कापसासोबत) आणलेली कीड आहे, आपल्याकडे ती आधी नव्हतीच. दोन, कामगंध सापळे लावू नका, दहा गावांचे पतंग तुमच्या वावरात गोळा होतात. तीन, अळी दिसो न दिसो, दर आठ दिवसांनी तीन औषधं एकत्र करून दुप्पट मात्रेत मारा, सोबत कपडे धुण्याची पावडर टाका. चार, निंबोळी अर्क आणि एकात्मिक कीड व्यवस्थापन हे विद्यापीठाचं कागदी काम आहे. पाच, पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवा, फरदडीचा कापूस फुकटात पडतो.

संध्याकाळपर्यंत हाच मेसेज मावसभावाकडून आला, मग मामीच्या बचत गटातल्या एका ताईकडून. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून, कारण त्यात माणूस मरतो.

मामांना विचारलं, काय काय आणलं? त्यांनी खाटेवर मांडलेल्या मालाचा फोटो पाठवला. एक डबा मोनोक्रोटोफॉसचा. दुसरा प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचा, म्हणजे कंपनीतूनच दोन औषधं मिसळून आलेला. तिसऱ्या पाकिटात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड. मेसेज म्हणतो तीन औषधं, पण पंपात जाणार होती पाच विषं, आणि तीही दुप्पट मात्रेत. त्यातली मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस एकाच गटातली, ऑर्गॅनोफॉस्फेट. दोन्ही एकाच ठिकाणी घाव घालतात. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचला की तो निरोप पुसून टाकणारं एक विकर शरीरात असतं. ही औषधं त्या विकरालाच बांधून टाकतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू थरथरत राहतात आणि शेवटी श्वास अडकतो. अळीचं जे होतं तेच माणसाचं होतं, कारण ते विकर दोघांतही आहे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ सुटते, घाम फुटतो, उलट्या होतात. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडवर असा नेमका उतारा नाही, दिसतील त्या लक्षणांवर उपचार करावे लागतात. पाच विषं एकदम अंगावर घेतलेला माणूस दवाखान्यात आला, तर डॉक्टरांनी कशाला काय समजायचं?

हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांना मी सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. 2017 चा पावसाळा आपण विसरलो का? त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवा दमट होती, बारीक तुषार उडवणारे पंप आले होते आणि पंपात असंच मिश्रण होतं. उंच पिकात नोझल वर धरून फवारलं की तुषार वाऱ्याने तोंडावर येतात. सदरा पाठीला चिकटेपर्यंत भिजतो, आणि तोच सदरा दिवसभर अंगावर राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तो विष नाकाशी धरून ठेवतो. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिश्रण करायचं मामांनी ठरवलं होतं, पाठीवर पंप घेणार होता तो गडी. त्याला कोणी विचारलं?

बरं, एवढं करून अळी मरते का? गुलाबी बोंडअळीचा पतंग पाती (म्हणजे फुलांच्या कळ्या), फुलं, कोवळी बोंडं यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि ती शिरल्याचं छिद्र बुजून जातं. पुढचे दोन आठवडे ती आत सरकी खात बसते. बाहेरून बोंड हिरवंगार, निरोगी. तुम्ही त्या बोंडावर पाच सोडून दहा विषं ओता, आतल्या अळीपर्यंत ती पोचत नाहीत. मरतात ते बाहेर फिरणारे, किडी खाणारे मित्रकिडे: मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपाच्या अळ्या, कोळी. हे मेले की पांढऱ्या माशीला रान मोकळं. 2015 साली पंजाबात पांढऱ्या माशीने कापूस झोपवला, तेव्हाही शेतकरी फवारणीवर फवारणी करत होते आणि माशी हटत नव्हती.

मग करायचं काय, हा मामांचा प्रश्न रास्त होता. "सगळे मारून राहिले, मी एकटाच हातावर हात धरून बसू का?" बसायचं नाही, मोजायचं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था कित्येक वर्षं हेच सांगते आहे. एकरातून वेगवेगळ्या झाडांची, दहा ते चौदा दिवसांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी असेल, म्हणजे 10 टक्के, तर फवारणी करा. त्या आधी फुलांत डोमकळ्या शोधा. पाकळ्या उमलायच्या ऐवजी धाग्याने शिवल्यासारख्या मिटून राहतात, गुलाबाच्या कळीसारखं फूल दिसतं. ते उघडलं की आत अळी सापडते. डोमकळी तिथल्या तिथे तोडून नष्ट करायची. दोन बाया अर्ध्या दिवसात एक एकर पाहतात, आणि त्यांच्या अंगावर थेंबभरही विष पडत नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे औषध अजिबात मारायचं नाही, असं कोणीच म्हटलेलं नाही. गरज मोजून, वेळ साधून, एका वेळी एकच औषध, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. मेसेजने ज्याला कागदी काम म्हटलं ते एवढंच आहे.

आता सापळ्यांबद्दल. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. एकरी दोन सापळे लावून बोंडअळी आटोक्यात येत नाही. ते सापळे मोजणीसाठी असतात. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं, की धोक्याची पातळी आली असं धरायचं. पतंग पकडूनच कीड कमी करायची असेल, तर एकरी आठ-दहा सापळे लागतात. पण 'दहा गावांचे पतंग येतात' हे निव्वळ खोटं. सापळ्यातल्या ल्युरला, म्हणजे आमिषाला, मादीचा वास असतो, त्यावर फक्त नर येतात. शेजारच्या धुऱ्यावरून चार नर आले, तरी नर अंडी घालत नाहीत.

मामांचा सापळ्यावरचा राग मात्र खोटा नव्हता. गेल्या वर्षी त्यांनी सापळे लावले, महिनाभर एक पतंग पडला नाही आणि नोव्हेंबरात निम्मी बोंडं किडकी निघाली. रविवारी मी गावी गेले तेव्हा कोठ्यातून ते सापळे काढून पाहिले. ल्युरचं रिकामं पाकीट अजून पिशवीत होतं. त्यावर हेलिल्युर लिहिलेलं. हेलिल्युर हिरव्या बोंडअळीच्या पतंगासाठी असतो. गुलाबीसाठी पेक्टिनोल्युर लागतो. दुकानदाराने जे होतं ते दिलं, मामांनी घेतलं, आणि वर्षभर सापळ्यांना शिव्या बसल्या. ल्युर तीन-चार आठवड्यांनी बदलायचा असतो, तंबाखूचा खर्रा घोटलेल्या हाताने धरायचा नसतो, हेही कोणी सांगितलं नव्हतं. सापळे विकताना या तीन गोष्टी न सांगणाऱ्यांनी या मेसेजला जागा करून दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला मुद्दा, कंपन्यांनी अळी आणली. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन 1843 साली कीटकशास्त्रज्ञ सॉंडर्स यांनी केलं, आणि त्यांना मिळालेले नमुने गुजरातेतल्या भडोचच्या कापसावरचे होते. बीटी कापूस भारतात आला 2002 मध्ये. दीडशे वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे. आपल्या आजोबांच्या देशी कापसातही ही अळी होती.

पण या मुद्द्याच्या मुळाशी जो संताप आहे, तो मला कळतो. बीटी आलं तेव्हा फवारणीतून सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. हिरव्या बोंडअळीवर ते आजही काम करतं. गुलाबीने मात्र त्याला दाद देणं बंद केलं: गुजरातेत 2009-10 च्या सुमारास पहिल्या बीटीला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत 2006 साली आलेल्या दुसऱ्या बीटीलाही. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची, ती कडेने लावायची होती. तिच्यावर वाढलेले साधे पतंग प्रतिकार कमावलेल्या पतंगांशी मिसळले, तर पुढची पिढी बीटीला बळी पडते. ते पाकीट आपल्यापैकी कितीजणांनी धुऱ्यावर फेकलं? मामांनी फेकलं, माझ्या बाबांनीही फेकलं. का लावायचं हे त्यांना पाकीट विकणाऱ्यांनी समजावलं नव्हतं. ती चूक बियाणे विकणाऱ्यांचीही आहे.

हीच अळी, हीच बीटी जनुकं अमेरिकेतही होती. 1917 पासून ती तिथल्या कापसावर होती. अ‍ॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी 1996 पासून बीटीसोबत बिगर-बीटी पट्टे नेमाने लावले. 2006 पासून विमानांतून अब्जावधी वांझ पतंग सोडले, म्हणजे जंगली पतंगांच्या जोड्यांतून पिलंच होऊ नयेत. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूस पट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर केला. त्यावरचा शोधनिबंध 2021 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आहे. त्यात एक आकडा आहे: अ‍ॅरिझोनात कापसावरच्या सगळ्या किडींसाठी मिळून कीटकनाशकांचा वापर 82 टक्क्यांनी कमी झाला. मेसेजवाल्या तज्ज्ञाने दर आठ दिवसांच्या फवारणीतून कुठला तालुका अळीमुक्त केला, ते दाखवावं. आपल्याकडे विमानं नाहीत, वावरं तुकड्या-तुकड्यांची आहेत, हे मला माहीत आहे. पण तिथे सगळ्यांनी मिळून एकाच वेळी केलं म्हणून जमलं. गावाने ठरवलं तर एकाच वेळी पऱ्हाटी उपटायला विमान लागत नाही.

त्यावरूनच फरदड. जानेवारीनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीला पाणी मिळालं की नवी पाती, नवी बोंडं धरतात, आणि अळीला खायला सतत मिळत राहतं. एरवी ती सरकीत, वाळलेल्या बोंडांत, मातीत सुप्त पडून राहिली असती. तुमच्या दोन क्विंटल फरदडीतून पुढच्या जूनमध्ये शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवर पतंग उतरतात, आणि तुमच्याही. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला ते दोन क्विंटल सोडणं जड जातं, हे मी घरात पाहिलं आहे. तरी डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा.

निंबोळी अर्क बोंडातली अळी मारत नाही, बरोबर आहे. पण 5 टक्के अर्क वेळेवर मारला तर मावा-तुडतुडे रोखायला आणि अंडी घालणाऱ्या पतंगाला परतवायला उपयोगी पडतो, आणि फवारणाऱ्याला दवाखान्यात पाठवत नाही. कपडे धुण्याच्या पावडरवर मी वेळ घालवत नाही.

रविवारी आम्ही मामांच्या एका एकरातली 20 बोंडं तोडली. ओट्यावर बसून विळ्याने एकेक फोडलं. एकोणीस स्वच्छ निघाली. विसाव्यात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, मधे पिवळट भुसा आणि तांबूस पट्ट्यांची अळी, करंगळीच्या नखाएवढी. म्हणजे 5 टक्के. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हिले बाहेरून कसं काय मरन येईन?" गड्याला त्यांनी स्वतः फोन करून नको येऊ म्हणून सांगितलं. दुकानदार मोनोक्रोटोफॉसचा डबा परत घ्यायला तयार नाही. तो मामींनी पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुलपात ठेवलाय. पेक्टिनोल्युर मी नागपुराहून पाठवते आहे. पुढच्या रविवारी पाचही एकरांतली, एकरी वीस, बोंडं फोडायची आहेत, आणि या वेळी गडीही सोबत बसणार आहे.