‘रक्त आधीच पातळ आहे’ म्हणणारा तो मेसेज

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, माझं रक्त आधीच पातळ असेल तर मी रोज पोटात इंजेक्शन का टोचून घेतेय?” तिला चौथा महिना चालू आहे. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात बाळ गेलं आणि तपासण्यांत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम निघाला, म्हणजे शरीराच्याच काही अँटिबॉडींमुळे (शरीर तयार करतं त्या प्रथिनांमुळे) रक्तात गुठळ्या होण्याचा आजार. आता कुणीतरी तिला एक मेसेज पाठवलाय. मलाही तो दोनदा आला. त्यात म्हटलंय: ल्युपस अँटिकोॲग्युलंट (या आजाराची एक तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे रक्त पातळ, हेपरिन (तेच पोटातलं इंजेक्शन) आणि ॲस्पिरिन बंद करा, एकदा पॉझिटिव्ह म्हणजे जन्माचा आजार, कार्डिओलिपिन (आणखी एक तपासणी) निगेटिव्ह असेल तर निर्धास्त राहा, पुन्हा तपासणी हा लॅबचा धंदा.

पहिला दावा जीवघेणा आहे. अँटिकोॲग्युलंट म्हणजे गोठणं रोखणारं, हा शब्दाचा अर्थ बरोबर. पण ते रोखणं तपासणीच्या नळीतलं! नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो, या आजारातल्या अँटिबॉडी त्याच्या आड येतात आणि गोठायला जास्त सेकंद लागतात. शरीरात मात्र त्याच अँटिबॉडी रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवतात. मग गुठळ्या होतात, पायाच्या शिरेत, फुप्फुसात, मेंदूत. गरोदरपणी वारेचं काम बिघडतं. म्हणजे रिपोर्टवर ‘अँटिकोॲग्युलंट’ लिहिलेल्या बाईला धोका असतो तो गुठळीचा, आणि हेपरिन-ॲस्पिरिन त्यासाठीच दिलेलं असतं. नावातला ‘ल्युपस’सुद्धा फसवा: आधी ल्युपस या वेगळ्या आजाराच्या रुग्णांत सापडलं म्हणून ते नाव चिकटलं, प्रत्यक्षात हे ज्यांच्यात सापडतं त्यांतल्या अनेकांना ल्युपस नसतोच. नुसतं नाव वाचून एका गरोदर बाईला औषध सोडायला सांगायचं, हे मला सहन होत नाही.

‘एकदा पॉझिटिव्ह म्हणजे जन्माचा आजार’ आणि ‘पुन्हा तपासणी हा धंदा’ हे दोन्ही दावे एकाच गोष्टीने खोडले जातात. हा आजार ठरवण्यासाठी २००६ साली प्रसिद्ध झालेले सिडनी निकष बघा. गुठळी किंवा गरोदरपणातली ठरावीक गुंतागुंत हवी, आणि अँटिबॉडी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापडायला हवी. कार्डिओलिपिनच्या बाबतीत तीही किरकोळ नाही, ४० युनिटांच्या किंवा ९९ व्या पर्सेंटाइलच्या वर. हे अंतर कशासाठी? एखाद्या संसर्गानंतर या अँटिबॉडी काही काळ वाढतात आणि ओसरतात. दुसऱ्यांदा तपासलंच नाही, तर अशा माणसाच्या कपाळी उगाच जन्माचा आजार लिहिला जाईल. ज्याला धंदा म्हणताय, ती दुसरी तपासणी अशा माणसालाच वाचवते.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते: काहीही घडलेलं नसताना ही तपासणी लिहून दिली जाते, आणि किंचित वाढलेला आयजीएम (अँटिबॉडीचा एक प्रकार) बघून माणसं हाय खातात. हे चुकीचंच आहे.

राहिलं कार्डिओलिपिन. तपासण्या तीन असतात: कार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट. एक निगेटिव्ह आली म्हणून बाकीच्या दोन सुटत नाहीत. त्यात गुठळीच्या धोक्याशी सर्वांत घट्ट नातं ल्युपस अँटिकोॲग्युलंटचं. हेपरिन, वॉरफरिन किंवा रिव्हारोक्झाबानसारखी रक्त गोठणं रोखणारी औषधं चालू असताना नेमका याच तपासणीचा निकाल चुकू शकतो, म्हणून रक्त देताना चालू औषध लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. तपासणीसाठी म्हणून ते स्वतःहून बंद करायचं नाही. बहिणीलाही मी हेच सांगितलं, आणि तिने इंजेक्शन घेईपर्यंत फोन ठेवला नाही.