इतिहास दोन रकान्यांत कसा बसवावा

अभिनंदन! काउंटी आर्माच्या, म्हणजे आयर्लंड बेटावरच्या एका जिल्ह्याच्या, क्लबांमधल्या गेलिक फुटबॉल अजिंक्यपदाचा इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. कसं पडलं ते विचारत नाही. सभेतून पाणी प्यायला उठलेल्या माणसालाच असली कामं मिळतात, हा नियम जगभर सारखाच आहे.

घाबरू नका. कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ ओढा, डावीकडे 'साल' लिहा आणि उजवीकडे 'विजेता'. यापलीकडे जे उरतं त्याला इतिहास म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात. त्या पबमध्ये मारायच्या असतात.

मराठी लेखकासाठी एक खास पथ्य आहे, ते आधी उरकून घेऊ. आयर्लंडचं नाव निघाल्यापासून पाच मिनिटांच्या आत मालवणजवळच्या वराड गावाचा उल्लेख यायलाच हवा. लिओ वरडकरांचे वडील तिथले, आणि लिओ दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. आर्मा उत्तर आयर्लंडात, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतं आणि तिथे वरडकरांचं सरकार कधी नव्हतंच, पण असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी अभिमान आवरायचा नसतो. झाला उल्लेख. फुटबॉलच्या संघटनेने मात्र ती सरहद्द कधी मनावर घेतली नाही. तिच्या हिशेबात दोन्हीकडच्या मिळून काउंट्या पहिल्यापासून बत्तीसच.

खेळ समजावून सांगायच्या फंदात पडू नका. पंधरा-पंधरा जणांचे संघ, चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही, गोलाचे खांब इंग्रजी 'एच'सारखे, आडव्या दांडीखालून गेला तर गोल म्हणजे तीन गुण, वरून गेला तर एक, आणि २०२५ पासून लांबून मारून वरून घातला तर दोन. एवढं सांगितलंत की कोणीतरी विचारणार, आधीपासून हेच नियम होते का? नव्हते. सुरुवातीला एका बाजूला एकवीस माणसं असायची, आणि पहिली एक-दोन वर्षं एकमेकांना धरून कुस्ती खेळायलाही मुभा होती. एक गोल झाला की समोरच्याचे गुण कितीही असोत, मातीमोल. १८९२ मध्ये गोलाची किंमत पाच गुण ठरली, १८९६ मध्ये ती तीनवर आली, आणि पंधराचा संघ व्हायला १९१३ उजाडलं. मग १८९०च्या आसपासच्या विजेत्याने नेमका कुठला खेळ जिंकला, असा प्रश्न उभा राहतो. त्याला खाली बसवा.

मुळापर्यंत जायचा मोह तर अजिबात नको. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. त्या सभेला माणसं किती होती, यावर मात्र अजून वाद आहे. कोणी सात म्हणतं, कोणी तेरा, कोणी त्याहून जास्त. ज्या संघटनेला आपल्या जन्माच्या वेळी खोलीत किती जण होते हे ठामपणे सांगता येत नाही, तिच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा तुम्ही डोळे झाकून उतरवायचा आहे. संस्थापक मायकेल क्युसॅक यांना पत्रांना उत्तरं द्यायचा कंटाळा होता. दोन वर्षांच्या आत त्यांना चिटणीसपदावरून काढलं. या गोष्टीला रकाना नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

सुरुवातीच्या काळात काउंटीचा विजेता क्लब हाच काउंटीचा संघ असायचा. अखिल आयर्लंड स्पर्धेत पहिल्यांदा जिंकलं ते लिमरिक, पण मैदानात उतरला होता त्या काउंटीचा विजेता कमर्शियल्स हा क्लब. ही स्पर्धा १८८७ची, अंतिम सामना एप्रिल १८८८ मधला. साल कोणतं लिहायचं? १८८७. मग १८८८ची स्पर्धा? ती झालीच नाही पुरी, कारण खेळाडू निधी गोळा करायला अमेरिकेला गेले होते. रकान्यात आडवी रेघ मारा आणि कोणाशी नजर मिळवू नका.

आता हरकती. सामना हरलेल्या क्लबला मैदानाबाहेर दुसरा डाव खेळायची सोय या खेळात पहिल्यापासून आहे, आणि आयरिश माणूस त्यात किती तयार झालाय हे पाहून आपल्याकडचे वकीलही टोपी काढतील. खेळाडू दुसऱ्याच गावचा निघाला, घ्या हरकत. संघाची यादी आयर्लंडमध्ये बनलेल्या कागदावर नव्हती, घ्या हरकत. हो, कागदावर. आणि सगळ्यांत हुकमी म्हणजे तो माणूस सॉकर बघताना दिसला! १९७१ पर्यंत संघटनेच्या सभासदाला सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट असले 'परके' खेळ खेळायला बंदी होतीच, नुसते बघायलाही होती. बघणारे कोण, हे बघायला पाळत समित्या होत्या. डग्लस हाइड यांनी उभं आयुष्य आयरिश भाषेसाठी घातलं, ते आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, संघटनेचे आश्रयदातेही होते. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून ते आयर्लंड विरुद्ध पोलंड हा सॉकरचा सामना बघायला गेले, आणि संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. आयरिशपण शिकवणाऱ्यालाच आयरिशपणात नापास केलं. हे लिहू नका. लोक हसतील आणि तुमचा तक्ता गंभीर दिसणार नाही.

दुसऱ्याच्या घरात डोकावायचंही टाळा. केरी काउंटीमध्ये लहान क्लब एकत्र येऊन विभागाचा संघ करतात आणि काउंटी अजिंक्यपदाला उतरतात. फोसा या छोट्या क्लबचा नावाजलेला खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड तिथे ईस्ट केरीकडून खेळतो. २०२२ मध्ये ईस्ट केरी जिंकलं. पण पुढे प्रांताच्या क्लब स्पर्धेला विभागीय संघाला जाता येत नाही, म्हणून केरीतर्फे गेला केरिन्स ओ'रॅहिलीज, आणि तो प्रांत जिंकून आला. म्हणजे काउंटीचा विजेता घरी बसला आणि जो विजेता नव्हता तो विजेता होऊन परतला. एकदा नीट वाचा. कळलं नाही ना? म्हणूनच म्हणतो, आर्मातच राहा.

आर्मातलं काम तसं सोपं आहे. किराणा दुकानाच्या वहीत एकाच मालाखाली शेट दोन ठिपके देत जातो ना, तसं. १९९५: मुल्लाबॉन. १९९६: क्रॉसमॅग्लेन रेंजर्स. त्याच्याखाली ठिपके, ठिपके, ठिपके, थेट २००८ पर्यंत. सलग तेरा वर्षं. टंकलेखनाची केवढी बचत! मधल्या काळात या क्लबने १९९७, १९९९, २००० आणि २००७ मध्ये अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपदही जिंकलं, पण ते तुमच्या तक्त्याबाहेरचं.

क्रॉसमॅग्लेन हे सरहद्दीला खेटून असलेलं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. इथे खेळाडूंचा लिलाव होत नाही, खेळायचे पैसे मिळत नाहीत, आणि क्लब निवडायचा प्रश्न सहसा येतच नाही, कारण तो जन्माबरोबर ठरतो. ज्या चर्चच्या हद्दीत घर, तिथला क्लब. बाप तिथे खेळलेला, मामा पलीकडच्या क्लबात, म्हणून मामाकडचं जेवण सामन्याच्या आठवड्यात बंद. तेरा वर्षं जिंकायला कुठल्या मोठ्या शहरातून कोणी आणला नव्हता. बाजारपेठेच्या दृष्टीने हा शुद्ध गाढवपणा असल्यामुळे त्याची नोंद नको.

आता नाजूक जागा. क्रॉसमॅग्लेनच्या मैदानाबद्दल तुम्ही लिहायचं: 'क्लबला काही काळ जागेची अडचण होती.' बस्स. ही अडचण ब्रिटिश लष्कराच्या आकाराची होती, हे लिहायचं नाही. १९७०च्या दशकात, उत्तर आयर्लंडातला सशस्त्र संघर्ष पेटलेला असताना, लष्कराने मैदानाला लागूनच तळ उभारला आणि मैदानाची काही जागाही ताब्यात घेतली. उंच टेहळणी मनोरा, पत्र्याच्या भिंती, काटेरी तार. रस्त्याने यायची सोय सैनिकांना सुरक्षित वाटत नसे, म्हणून माणसं आणि शिधा हेलिकॉप्टरने यायचा. बाजूच्या रेषेवर उभं राहून पोराला 'मार, मार' म्हणून ओरडणाऱ्या बापाचा आवाज त्या पंख्यांच्या घरघरीत बुडून जायचा. मनोऱ्यातला सैनिक सामना फुकटात बघायचा. भिंतीपलीकडचा हा इतका जवळचा शेजारी, पण त्याला क्लबचं सभासद मात्र होता येत नव्हतं, कारण ब्रिटिश सैनिक आणि उत्तर आयर्लंडचे पोलीस यांना संघटनेत यायला बंदी घालणारा नियम २१. तो २००१ मध्ये रद्द झाला. लष्करी मोहीम संपली ती २००७च्या जुलैअखेर.

त्या तेरा वर्षांत जिंकणारी पोरं याच मनोऱ्याच्या सावलीत चेंडू मारायला शिकली. १९९६ खाली तुम्ही जे ठिपके देताय, त्यातल्या बहुतेकांवर तो मनोरा उभा होता. ठिपका तेवढा ठसठशीत काढा, म्हणजे खालचं काही दिसणार नाही.

खेळाडूंची नावं तर मुळीच नकोत. नाव आलं की माणूस येतो, आणि माणूस रकान्यात मावत नाही. ओशीन मॅककॉनव्हिल घ्या. पदकांनी घर भरलेलं, फ्री किक मारायला आला की अख्ख्या काउंटीने निवांत श्वास सोडावा असा. त्याच काळात तो जुगाराच्या व्यसनात गळ्यापर्यंत बुडाला होता, हे त्याने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलं. आता तो व्यसनात अडकलेल्यांना मदत करायचं काम करतो. तक्ता म्हणतो: क्रॉसमॅग्लेन. ठिपके.

किंवा त्यांचे प्रशिक्षक जो केर्नन. १९७७च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात ते आर्माकडून खेळले, दोन गोल केले आणि डब्लिनकडून हरले. हरणाऱ्यांना आठवण म्हणून छोटी पाटी मिळाली. पंचवीस वर्षं ती त्यांच्याकडे राहिली. पुढे क्रॉसमॅग्लेनबरोबर तीन वेळा अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद जिंकून ते काउंटीचे प्रशिक्षक झाले. २००२चा अंतिम सामना, मध्यंतर, आर्मा केरीपेक्षा चार गुणांनी मागे, मॅककॉनव्हिलची पेनल्टी हुकलेली. केर्ननांनी ती पाटी ड्रेसिंग रूममध्ये काढली, पोरांना दाखवली आणि भिंतीवर आपटली. तुकडे. दुसऱ्या डावात मॅककॉनव्हिलनेच गोल केला. १-१२ विरुद्ध ०-१४ (आधी गोल, मग गुण), म्हणजे पंधरा विरुद्ध चौदा. आर्माचं ते पहिलं अखिल आयर्लंड अजिंक्यपद. पाटीबद्दल लिहू नका. हरलेल्यांसाठी तिसरा रकाना काढायची सोय आपण केलेली नाही, आणि आता रेघा ओढून झाल्यात.

एवढं सगळं टाळूनही एखादा नतद्रष्ट विचारेलच, 'विजेता' म्हणजे नक्की कोण? त्याला २०२३ची गोष्ट सांगू नका. जानेवारीतल्या क्लब अंतिम सामन्यात डब्लिनचा किलमकड क्रोक्स डेरीच्या ग्लेनविरुद्ध दोन गुणांनी पुढे होता. शेवटच्या क्षणांत, ग्लेन निर्णायक किक घेत असताना, किलमकडची माणसं मैदानावर पंधराच्या वर भरत होती. बदली खेळाडू आत आला, जायचा तो गेलाच नाही. मग तक्रार, चौकशी, फेरसामन्याचा हुकूम, त्या हुकमावर अपील. शेवटी ग्लेननेच हात जोडले आणि माघार घेतली. तक्त्यात किलमकड. सोळावा माणूस कुठल्या रकान्यात? तुम्हीच बघा. वर्षभराने ग्लेन जिंकलं, तेव्हा त्यांचीही ओळ आली.

तर तुमचा तक्ता आता २००९ वर आलाय. ठिपके द्यायची सवय झालेला हात इथे आवरा, त्या वर्षी आर्मा शहराचा पिअर्स ओग जिंकला. २०१०: पुन्हा क्रॉसमॅग्लेन, आणि २०१५ पर्यंत ठिपके.

२०१६ला मॅघरी. लॉख नी सरोवराच्या काठावरचं खेडं, आणि त्यांचं हे पहिलंच काउंटी अजिंक्यपद. इथे ओळ थोडी मोठी करावी, अक्षर जरा ठळक काढावं, असं तुम्हाला वाटेल. करू नका. बाकीच्या ओळींइतकीच ठेवा, नाहीतर खालची २०१७ची ओळ पुढच्या पानावर जाईल.