बातमी पोहोचली होती

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: मुसोलिनी आणि हिटलर काय आहेत हे १९३९ उजाडेपर्यंत जगाला ठाऊकच नव्हतं, परदेशी बातमीदार गाफील राहिले, नाहीतर सेन्सॉरपुढे हतबल झाले, लोकांना वेळीच कळलं असतं तर पुढचं टळलं असतं. ज्यांनी सगळं पणाला लावून लिहिलं त्यांच्यावर हा अन्याय आहे. म्हणून तो मजकूर मी इथे मुद्द्यामुद्द्याने खोडून काढतो.

‘कुणी लिहिलंच नाही.’ लिहिलं, आणि युद्धाच्या पंधरा वर्षं आधीपासून. ३० मे १९२४ रोजी समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती यांनी इटलीच्या संसदेत मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाने निवडणुकीत केलेल्या मारहाणीचा आणि गैरप्रकारांचा पाढा वाचला. १० जूनला रोममध्ये टायबर नदीकाठी त्यांना मोटारीत कोंबून पळवलं. प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये, शहराबाहेरच्या रानात. फॅसिझम जगासमोर आला तो असा, अपहरण आणि खुनाची बातमी होऊन. ‘शिकागो ट्रिब्यून’चा बातमीदार जॉर्ज सेल्डिस याने मारेकऱ्यांचे धागे थेट मुसोलिनीच्या वर्तुळापर्यंत जातात हे लिहिलं आणि १९२५ मध्ये त्याला इटलीतून हाकलण्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत मुसोलिनीने संसदेत उभं राहून घडल्या प्रकाराची राजकीय आणि नैतिक जबाबदारी स्वतःवर घेतली होती. पुढे खटल्यात तिघांना शिक्षा झाली आणि तिचा बराचसा भाग माफही झाला. यातलं काहीच लपून राहिलेलं नव्हतं.

बर्लिनमध्ये ‘शिकागो डेली न्यूज’चा एडगर मौरर होता. जर्मन लोकशाही कशी पोखरली जाते आहे, यावरचं त्याचं पुस्तक १९३३ च्या जानेवारीत आलं. हिटलर चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला तो याच महिन्यात. मौरर तेव्हा परदेशी पत्रकारांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. एका वयोवृद्ध ज्यू सहकाऱ्याला अटक झाली, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी मौररने ते पद सोडलं. त्याच वर्षी त्याला जर्मनीही सोडावी लागली. त्याच साली त्याला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. आता सांगा, हा माणूस गाफील होता?

‘त्यांचा अंदाज चुकला.’ काहींचा चुकला, हे मान्य. अमेरिकी पत्रकार डोरोथी थॉम्पसनने १९३१ मध्ये हिटलरची मुलाखत घेतली आणि हा किरकोळ माणूस आहे, असं छापलं. ती चूक होती. पण ती त्या चुकीला चिकटून बसली नाही. पुढे ज्यूंच्या छळाविषयी तिने इतकं परखड लिहिलं, की ऑगस्ट १९३४ मध्ये तिला चोवीस तासांत देश सोडायला सांगण्यात आलं.

‘सेन्सॉरमुळे काही बाहेरच येत नव्हतं.’ युद्धापूर्वी बर्लिनहून जाणाऱ्या परदेशी वृत्तपत्रांच्या तारा आधी तपासून घ्याव्या लागत नसत. धाक होता हकालपट्टीचा आणि माहिती देणाऱ्या जर्मन माणसाच्या जिवाचा. दुसरी भीती जास्त छळणारी असणार, असं मला वाटतं. जिथे खरोखर अडवलं, तिथेही वाट काढली गेली. अमेरिकी बातमीदार विल्यम शायरर १९३० च्या सुमारास गांधीजींची चळवळ टिपायला भारतात आला होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तो व्हिएन्नात होता. तिथल्या रेडिओवरून त्याला बोलू दिलं नाही. तो विमानाने लंडनला गेला आणि तिथून बोलला.

‘कळलं असतं तर जग उठलं असतं.’ हा सगळ्यात फसवा मुद्दा, कारण तो ऐकायला बरा वाटतो.

२६ एप्रिल १९३७, सोमवार, ग्वेर्निकाचा बाजाराचा दिवस. यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनच्या बास्क प्रांतातल्या या गावावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. लंडनच्या ‘टाइम्स’चा जॉर्ज स्टीअर त्या रात्री जळत्या गावात पोहोचला. त्याला आगलाव्या बॉम्बची नळकांडी सापडली, त्यांच्यावर जर्मन कारखान्याचा शिक्का आणि १९३६ साल. खुनाच्या जागी हत्यार सापडावं, तसा हा पुरावा. ज्याच्या मदतीला ही जर्मन विमानं आली होती त्या बंडखोर जनरल फ्रँकोची बाजू म्हणत राहिली की बास्क लोकांनीच गाव पेटवलं. ‘टाइम्स’ने स्टीअरची बातमी छापली, याचं श्रेय संपादक जेफ्री डॉसन यांना द्यायलाच हवं. पण मे महिन्यात याच डॉसन यांनी आपल्या एका बातमीदाराला पत्र लिहिलं: जर्मनांच्या भावना दुखावतील असं काही पेपरात येऊ नये, म्हणून मी रोज रात्री शक्य ते सगळं करतो. त्यांचा बर्लिनचा बातमीदार नॉर्मन एबट याला नाझींनी ऑगस्टमध्ये हाकललं. बातमी अडली ती लंडनच्या टेबलावर.

आपल्याकडेही अंधार नव्हता. चीनवरच्या जपानी आक्रमणाच्या बातम्या पोहोचल्या होत्या, म्हणून तर १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली, सुमारे ३०,००० पुरुषांना धरून नेलं. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते पहिल्या पानावर छापलं. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसमध्ये एक विधेयक आलं: जर्मनीतल्या २०,००० निर्वासित मुलांना, वय चौदाच्या आत, परदेशातून येणाऱ्यांच्या ठरलेल्या कोट्याबाहेर दोन वर्षांत देशात घ्यावं. पेपर सगळ्यांनी वाचले होते. ते विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही.