शेंगाचटणीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘सोयाबीन खाऊन पोट फुगतं? ही ॲलर्जीच! सोया तेल, शेंगा, हरभरा आजच बंद करा. रक्ताच्या एका तपासणीत कळतं. रोज चिमूटभर सोया खाल्लं की आपोआप जाते.’ तो वाचून आमच्या थोरल्या जाऊबाईंनी शेंगाचटणी सोडली. ताटात पोळी आणि नुसतं दही. दोन आठवडे झाले, पोट होतं तसंच.

पोट फुगलं म्हणजे ॲलर्जी, इथेच पहिली चूक. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती सोयाच्या प्रथिनावर उलटते. बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. (तान्ह्या बाळांचं प्रकरण वेगळं, ते बालरोगतज्ज्ञांनाच दाखवावं.) नुसतं पोट फुगणं हा बहुधा पचनाचा मामला. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस धरतो. कुणाला तो सोसतो, कुणाला नाही.

तेलाचं लवकर आटपते. रिफाइंड सोया तेलात या साखरा नसतात. भजी खाऊन जड वाटत असेल तर किती खाल्ली ते आधी मोजा.

आता शेंगा. शेंगदाणा आणि सोयाबीन एकाच कुळातले, म्हणून एक सोसत नाही तर दुसरंही नाही, असं होत नाही. शेंगदाण्यात या साखरा सोयाबीनच्या मानानं बऱ्याच कमी. हरभऱ्यात मात्र असतात, तेवढ्यापुरता मेसेज अर्धा खरा.

मग जाऊबाईंचं पोट कशानं फुगत होतं? एक दिवस त्यांचा दळणाचा डबा मीच गिरणीत नेला, तेव्हा झाकण उघडून पाहिलं. पाच किलो गव्हात अर्धा किलो सोयाबीन, बार्शीकडच्या पाहुण्यांच्या शेतातलं, जसंच्या तसं कच्चं. ‘पोळी पौष्टिक होते’ म्हणून वर्षभर चाललेलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटकही असतो आणि तो उष्णतेनं निकामी होतो. म्हणून सोयाबीन आधी वीसेक मिनिटं उकळून, वाळवून मगच दळायचं असतं. हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

तीन आठवडे त्यांनी सोया पूर्ण थांबवलं. ज्वारीची भाकरी, साध्या गव्हाची पोळी, आणि हो, शेंगाचटणी परत. पोट निवळलं. मग सोया वड्या भिजवून, पिळून, मोजून खाऊन पाहिल्या : चार चालतात, वाटीभर भाजी नाही. घट्ट टोफूही (सोयाच्या दुधाचं पनीर) सोसला, कारण तो करताना निथळणाऱ्या पाण्याबरोबर बऱ्याच साखरा जातात.

रक्ताची ती ‘एक तपासणी’ म्हणजे बहुतेकदा आयजीजी या रक्तातल्या प्रतिपिंडाची. ती तुम्ही काय खाता एवढंच सांगते, काय सोसत नाही ते नाही. ॲलर्जीसाठी आयजीई हे दुसरं प्रतिपिंड बघतात, तीही डॉक्टरांनी त्रासाची हकिकत ऐकल्यावर.

चिमूटभर खाऊन सवय लावण्याचा सल्ला मात्र घातक आहे. खरी ॲलर्जी असलेल्याला चिमूटही जड जाऊ शकते. त्यानं पाव-बिस्किटांच्या पाकिटावर बघावं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार सोया असल्यास तसं छापणं बंधनकारक आहे. गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ आपल्यात येतं, तेही ध्यानात ठेवावं. गांधीसोबत दम लागला तर थेट दवाखाना.

जाऊबाई आता गिरणीत दोन डबे पाठवतात. एकावर खडूनं लिहिलंय, ‘बिनसोया’.