कोलंबिया करार आणि माशांचं पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

कोलंबिया नदी करारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला धरणांना नावं ठेवणारे लेख वाचून वाईट वाटतं. कॅनडातून अमेरिकेत वाहणाऱ्या या नदीवरचा दोन्ही देशांचा 1961 चा हा करार जगाने गिरवावा असा आहे, आणि मी ‘मूठभर माशांसाठी’ गळा काढतो. शिवाय सॅमन (समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा) संपवल्याचं खापर मी चुकीच्या धरणांवर फोडलं.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. अमेरिकेतलं ग्रँड कूली धरण 1942 मध्येच पूर्ण झालं. त्यात माशांना वर चढायला वाटच ठेवली नव्हती, त्यामुळे वरच्या खोऱ्यात जाणारा सॅमन तिथेच अडला. मी दोष दिला तो कराराच्या धरणांना, आणि करार अमलात आला 1964 मध्ये.

पुराचंही मला मान्य आहे. 30 मे 1948 रोजी कोलंबियाच्या पुरात रेल्वेचा भराव फुटला आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळचं व्हॅनपोर्ट, साडेअठरा हजार वस्तीचं गाव, एका दुपारी पाण्याखाली गेलं. पंधरा माणसं दगावली. ते पाहिलेल्यांना वरच्या अंगाला धरणं हवीत असं वाटलं, तर त्यांना कोण दोष देईल? कराराने कॅनडातल्या डंकन, कीनलीसाइड आणि मायका या तीन धरणांत मिळून 1 कोटी 55 लाख एकर-फूट साठवण ठरवली. आपल्या हिशेबात सुमारे 675 टीएमसी, म्हणजे सहा कोयनांहून जास्त. चौथं धरण लिबी, अमेरिकेतल्या मोंटानात. त्याचा फुगवटा सीमा ओलांडून कॅनडात शिरतो.

धरणं पाडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. माझी तक्रार विसर्गाच्या वेळापत्रकाबद्दल आहे, आणि ती तुमच्याइतकी कुणाला कळणार? करारात धरणं चालवण्याचे हेतू दोनच: वीज आणि पूरनियंत्रण. नदीचा स्वतःचा हक्क म्हणून काही नाही.

आता ते मूठभर मासे. लिबी धरण आहे त्या कूटने नदीत, म्हणजे कोलंबियाच्या उपनदीत, पांढरा स्टर्जन राहतो. ऐंशी वर्षांहून जास्त जगू शकणारा आणि वयात यायलाच वीस-तीस वर्षं घेणारा हा मासा. पूर्वी मे-जूनमध्ये बर्फ वितळलं की नदीला लोंढा यायचा. लिबी झाल्यावर तो लोंढा जलाशयात अडू लागला आणि हिवाळ्यात, विजेची मागणी असेल तेव्हा, टर्बाइनमधून सुटू लागला. मादी आजही अंडी घालते. अंडी चिकट असतात, स्वच्छ दगडगोट्यांना चिकटली तर जगतात. पण अमेरिकेच्या आयडाहो राज्यात बॉनर्स फेरी गावाच्या खाली ती जिथे अंडी घालते तिथे तळाला वाळू आहे. अंड्यांवर वाळू बसते आणि ती गुदमरतात. 1970 च्या दशकापासून नदीत आपोआप वाढलेली पिल्लं जवळजवळ नाहीतच. 1994 मध्ये अमेरिकेने या नदीतल्या स्टर्जनला संकटग्रस्त ठरवलं. आज जी पिल्लं दिसतात ती तिथल्या कूटनाय या आदिवासी जमातीने हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवून सोडलेली. मासे मूठभर आहेत खरे, पण ते मूठभर का उरले हाच तर माझा लेख होता.

गाळाचंही तेच. लिबी आणि डंकनच्या मागे गाळ अडला, त्यासोबत फॉस्फरसही. खालच्या कूटने सरोवरातलं माशांचं खाद्य आटलं, कोकनी (kokanee) नावाचा सॅमनच्या जातीचा मासा घटला. 1992 पासून त्या सरोवरात बोटीतून पातळ खत सोडतात. नदी जे फुकट आणून देत होती, ते टाक्या भरभरून!

एप्रिलमध्ये मी कॅनडातल्या नाकस्प गावी गेलो होतो. तिथला ॲरो जलाशय, म्हणजे कीनलीसाइड धरणाचा साठा, वर्षात वीसेक मीटरपर्यंत वर-खाली होऊ शकतो. पाणी पार खाली गेलेलं, मध्ये करड्या गाळाचा रुंद पट्टा, त्यात साठ वर्षांपूर्वी तोडलेल्या झाडांचे बुंधे. त्या पट्ट्यात झाड टिकत नाही, कारण जुलैत तो बुडतो. पाणवनस्पती टिकत नाही, कारण वसंतात तो उघडा पडतो. जलाशयाच्या वरच्या टोकाला, रेव्हलस्टोक गावाच्या बाजूला, धूळ उडू नये म्हणून अशा जमिनीवर राय (गव्हासारखं एक धान्य) पेरावी लागते.

आणि यावर उपाय निघतो, याची उदाहरणं त्याच नदीवर आहेत. कीनलीसाइडच्या खाली ट्राउट माशाची अंडी उघडी पडून वाळू नयेत म्हणून दोन्ही देश 1990 च्या दशकापासून वेगळे समझोते करून विसर्ग स्थिर ठेवतात. लिबीवर 2003 पासून पूरनियंत्रणाचा तक्ता बदलला: मध्यम बर्फाच्या वर्षी हिवाळ्यात जलाशय कमी रिकामा करायचा, म्हणजे वसंतात माशांसाठी सोडायला पाणी हाताशी राहतं. भिंतीची एक वीटही हलवावी लागली नाही. फक्त हे सगळं कराराच्या कडेकडेने, समजुतीने चालतं. जुलै 2024 मध्ये दोन्ही देशांनी नव्या कराराची तत्त्वं जाहीर केली, त्यात नदीच्या पर्यावरणाला जागा होती. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने बोलणी थांबवली. म्हणूनच मी तो लेख लिहिला.

सॅमनबद्दलचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. आणि एक विनंती: नोकरीत असताना पिकासाठी किंवा पिण्यासाठी नव्हे, केवळ खालच्या नदीसाठी पाणी सोडल्याचा एखादा प्रसंग आठवत असेल तर जरूर लिहा.